२१ पायऱ्यांची पट्टी : डिंकाच्या थराचा ताळा जुळवणारी वस्तू

पाच इंच लांब आणि अर्धा इंच रुंद अशी फिल्मची एक पट्टी. एक टोक जवळपास पारदर्शक, दुसरं काळंकुट्ट, आणि मधे एकोणीस करडे चौकोन, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा गडद. बाजूला बारीक आकडे, १ ते २१. इंग्रजीत हिला स्टेप टॅब्लेट म्हणतात, मी नुसतं पट्टी म्हणते. गेले चौदा महिने माझ्या प्रत्येक गम प्रिंटच्या कडेला ही छापली गेली आहे. गम डायक्रोमेट छपाईसाठी मी ब्रश घेतले, कागद घेतले, वेगवेगळ्या डिंकाच्या बाटल्या घेतल्या, अतिनील नळ्यांची पेटी करून घेतली. या सगळ्यांत छपाई खऱ्या अर्थानं सुधारली ती या पट्टीमुळे. म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं.

ज्यांना ही छपाई नवी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. डिंकाच्या दाट पाण्यात जलरंगाच्या ट्यूबमधलं रंगद्रव्य आणि पोटॅशियम किंवा अमोनियम डायक्रोमेटचं द्रावण मिसळायचं, ते कागदावर ब्रशनं लावायचं आणि अंधारात वाळवायचं. वर निगेटिव्ह ठेवून अतिनील प्रकाश दिला की डायक्रोमेटमधल्या षट्संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी क्रोमियम होतं, ते डिंकाचे रेणू एकमेकांना बांधतं आणि तेवढा डिंक पाण्यात विरघळेनासा होतो. मग कागद पाण्यात उपडा टाकायचा. प्रकाश न लागलेला डिंक आपल्याबरोबर रंग घेऊन सुटतो, लागलेला रंगासकट कागदावर राहतो. आल्फोन्स प्वातव्हाँनं १८५५ साली फ्रान्समध्ये या तत्त्वाचं पेटंट घेतलं. रसायन तेव्हापासून तेच आहे, आणि त्याचा हट्टीपणाही तोच.

माझी सगळी धडपड एका निगेटिव्हपायी होती. खिडकीशी बसलेली आई, एका गालावर उजेड, मांडीवर हात, मागे खोलीचा काळोखा कोपरा. त्या कोपऱ्यात एका खुर्चीची पाठ अगदी पुसट दिसते. ती खुर्ची वडिलांची. मला प्रिंटमध्ये गालावरची कातडीही हवी होती आणि खुर्चीची पाठही. दोन वर्षं दोन्ही एकत्र कधी आलं नाही. गाल जमला की कोपरा राखाडी व्हायचा, कोपरा काळा झाला की गाल कोऱ्या कागदासारखा पांढरा पडायचा. कुणी सांगायचं वेळ वाढव, कुणी म्हणायचं डायक्रोमेट वाढव म्हणजे कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्यातला फरक, वाढेल, कुणी म्हणायचं डायक्रोमेट कमी कर. मी तिन्ही करून पाहिलं. अडचण ही की प्रत्येक वेळी दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या, आणि प्रिंट बरी आली तरी कशामुळे बरी आली ते कळेना. पेशानं मी हिशेब तपासते. जिथे जमा-खर्चाचा ताळा घेता येत नाही तिथे मला झोप लागत नाही. गमच्या छपाईत मला ताळाच घेता येत नव्हता.

पट्टी आली तेव्हा तिच्याबरोबर छोटं माहितीपत्रक होतं. त्यातला कामाचा आकडा एकच : प्रत्येक पायरी आधीच्यापेक्षा ०.१५ घनतेनं गडद. घनता म्हणजे काय ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. घनतेत ०.३० ची भर पडली की पलीकडे जाणारा प्रकाश निम्मा होतो. म्हणजे दोन पायऱ्या चढलं की प्रकाश अर्धा, चार चढलं की पाव. पहिल्या पायरीची घनता ०.०५ च्या आसपास, कारण नुसत्या फिल्मलाही थोडी घनता असतेच, आणि एकविसाव्या पायरीची ३.०५. तिथून येणारा प्रकाश पहिल्या पायरीच्या हजाराव्या हिश्शाएवढा. एका कागदावर, एका थरावर, एकाच वेळी एकवीस वेगवेगळी एक्सपोजर, म्हणजे प्रकाशाच्या मात्रा, मिळतात. ब्रशचा हात तोच, पाणी तेच, हवा तीच. फरक पडतो तो फक्त प्रकाशात.

पहिल्याच संध्याकाळी या पट्टीनं माझा दोन वर्षांचा गैरसमज मोडला. दिव्याच्या काजळीचा काळा रंग, २४ टक्के अमोनियम डायक्रोमेट, तेवढाच डिंक. माझ्या पेटीखाली सहा मिनिटं दिली. प्रिंट वाळल्यावर पहिल्या दोन पायऱ्या सारख्याच काळ्या होत्या, तिसरीपासून फरक दिसू लागला, आठवीवर शेवटची हलकी छटा आणि नववीपासून पुढे कोरा कागद. दुसऱ्या कागदावर सगळं तेच ठेवून बारा मिनिटं दिली. आता चौथ्या पायरीपर्यंत काळं, शेवटची छटा दहावीवर. वेळ दुप्पट केल्यावर सगळी माळ बरोबर दोन पायऱ्या सरकली होती, पण तिची लांबी तेवढीच राहिली होती. पहिल्या प्रिंटमध्ये दोनपासून आठपर्यंत, दुसऱ्यात चारपासून दहापर्यंत, दोन्हीकडे सहा पायऱ्यांचं अंतर.

मी कितीतरी वेळ ते दोन कागद शेजारी ठेवून पाहत बसले. एक्सपोजरनं कॉन्ट्रास्ट बदलत नाही, फक्त जागा बदलते. आईचा गाल आणि वडिलांची खुर्ची एकाच थरात यावी म्हणून मी दोन वर्षं मिनिटं कमी-जास्त करत होते, म्हणजे आखूड चादर कधी डोक्याकडे ओढत होते, कधी पायाकडे. चादर लांब करायला काहीतरी वेगळंच करावं लागणार होतं.

सहा पायऱ्या म्हणजे ०.९० घनता. माझ्या निगेटिव्हमधल्या खुर्चीपासून गालापर्यंतचं अंतर मोजलं. घनतामापक माझ्याकडे नाही, पण निगेटिव्ह आणि पट्टी दोन्ही उजेडाच्या पेटीवर ठेवून, काळ्या पुठ्ठ्याला पाडलेल्या दोन भोकांतून पाहिलं की कुठला भाग कुठल्या पायरीशी जुळतो ते डोळ्यानं बऱ्यापैकी कळतं. अंतर निघालं नऊ पायऱ्यांचं, १.३५. नऊ पायऱ्यांचं निगेटिव्ह सहा पायऱ्यांच्या थरात बसणं शक्यच नव्हतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर किती कागद वाचले असते.

गमचा पल्ला, म्हणजे पूर्ण काळ्यापासून शेवटच्या छटेपर्यंतचं अंतर, इतका आखूड का, हेही पट्टीवर दिसतं, फक्त भिंग घेऊन पाहावं लागतं. प्रकाश वरून येतो आणि थर स्वतःच केशरी असतो, म्हणजे निळा आणि अतिनील प्रकाश तो स्वतःच शोषून घेतो. त्यामुळे डिंक वरच्या अंगानं आधी घट्ट होतो. जिथे प्रकाश कमी पोचला तिथे वर घट्ट साय आणि खाली अजून विरघळणारा डिंक अशी अवस्था असते. पाण्यात गेल्यावर खालचा डिंक सुटतो आणि वरची साय धरून ठेवायला काही नसल्यानं तीही तरंगत निघून जाते. म्हणून हलक्या छटा हळूहळू फिकट होत जात नाहीत, एका पायरीवर एकदम गायब होतात. खरबरीत कागदावर त्या जरा जास्त टिकतात. माझ्या गुळगुळीत कागदावर आठवीनंतर एकदम पांढरं होतं, खरबरीत कागदावर नववीवर ठिपक्याठिपक्यांची छटा राहिली होती.

आता डायक्रोमेटचा वाद. ही चाचणी प्रत्येकानं स्वतः करावी असं मला मनापासून वाटतं. डायक्रोमेट वाढवल्यावर प्रिंट जास्त गडद येते, आणि गडद दिसलं की आपण त्यालाच जास्त कॉन्ट्रास्ट म्हणतो. मी तीन द्रावणं केली : २४, १२ आणि ६ टक्के, तिन्ही अमोनियम डायक्रोमेटची. डिंकात मिसळल्यावर ती अर्थात निम्मी होतात. रंग आणि डिंक तोच. प्रत्येकाला वेळ अशी दिली की दुसरी पायरी तिन्हीकडे सारखीच पूर्ण काळी यावी. त्यासाठी फिक्या द्रावणांना बराच जास्त वेळ लागला, सर्वांत फिक्याला तर अडीच पटीहून अधिक. वाळल्यावर शेवटची छटा मोजली. २४ टक्क्यांना आठवी पायरी, १२ ला सातवी, ६ ला सहावी. म्हणजे पल्ला सहा, पाच आणि चार पायऱ्यांचा. डायक्रोमेट जास्त असेल तर थर वेगवान आणि मऊ, म्हणजे कमी कॉन्ट्रास्टचा, कमी असेल तर मंद आणि कडक. माझ्या वहीत या ओळीखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

पोटॅशियम की अमोनियम, या प्रश्नाचाही इथेच निकाल लागतो. २० अंश सेल्सियसला १०० मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम डायक्रोमेट जेमतेम १२ ग्रॅम विरघळतं, अमोनियम डायक्रोमेट ३५ ग्रॅमच्या आसपास. पोटॅशियमचं संपृक्त द्रावण म्हणजे माझ्या मधल्या द्रावणाएवढं. पोटॅशियमनं प्रिंट कडक येते असं जे सांगतात, त्यामागे मुख्यतः एवढंच आहे की पोटॅशियमनं फार जास्त घालताच येत नाही. अमोनियमचं द्रावण पाणी घालून त्याच ताकदीवर आणलं तेव्हा माझ्या दोन पट्ट्यांत फरक शोधावा लागला.

रंगद्रव्याची गोष्ट थोडी निराळी. रंग दुप्पट केला तेव्हा काळं जास्त गहिरं आलं आणि पल्ला एका पायरीनं आखूड झाला, म्हणजे दोन्ही अर्थांनी कॉन्ट्रास्ट वाढला. तिप्पट केल्यावर पहिल्या दोन पायऱ्यांवरचा थर पोपडे सुटावेत तसा सुटला. उलट रंग निम्मा केला की पायऱ्या वाढतात, पण सगळी माळ करड्या रंगात असते, सर्वांत गडद पायरीसुद्धा ओल्या पाटीसारखी. प्रत्येक रंगाची कथा वेगळी आहे. गेरूच्या रंगानं मला काळ्यापेक्षा निराळे आकडे दिले, निळ्यानं आणखी निराळे. माझ्याकडे आता सात रंगांच्या छापील पट्ट्यांची एक फाईल आहे, प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं वजनं आणि वेळ लिहिलेली. कुठल्याही छापील तक्त्यापेक्षा ती माझ्या उपयोगाची, कारण ती माझ्या ब्रशची, माझ्या कागदाची आणि माझ्या नळातल्या पाण्याची आहे.

पाण्यात किती वेळ ठेवायचं याचा परिणाम मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघाला, पण आहे. अर्धा तास आणि दोन तास यांत गडद टोक जागचं हललं नाही, फिकं टोक मात्र एक पायरी आत आलं. म्हणजे जास्त भिजवणं हे हलक्या हातानं कॉन्ट्रास्ट वाढवणं आहे. कोमट पाणी आणि ब्रश वापरला तर ते आणखी वाढतं, पण मग पट्टीवरचे आकडे हाताच्या जोरावर अवलंबून राहतात. चाचणी करताना मी ब्रश लावतच नाही.

एकविसाव्या पायरीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती निरुपयोगी वाटते आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त सत्य तीच सांगते. तिथे प्रकाश जवळजवळ पोचतच नाही, म्हणून तिथला कागद कोरा असलाच पाहिजे. नसेल, तर जो रंग तिथे आहे तो प्रकाशानं आलेला नाही. मग तो आला कुठून? दोनच शक्यता. एक म्हणजे रंग धाग्यांत शिरू नये म्हणून कागदाला आधी दिलेला जिलेटिनचा थर कमी पडला आणि रंगाचे कण धाग्यांत शिरून बसले. दुसरी म्हणजे थर लावून फार वेळ ठेवला आणि तो अंधारातच घट्ट होऊ लागला. डायक्रोमेट मिसळलेला डिंक प्रकाशाशिवायही सावकाश घट्ट होतो, आणि हवा दमट असेल तर जास्त लवकर. एका आठवड्यात माझ्या सगळ्या प्रिंट धुकट आल्या. मी सवयीनं एक्सपोजर कमी केलं आणि त्या आणखी बिघडल्या. पट्टी पाहिली तर नवव्या पायरीपासून एकविसाव्यापर्यंत एकसारखी करडी छाया. कागद आदल्या रात्री लावून ठेवले होते, इतकंच कारण. त्याच दिवशी लावून, वाळल्याबरोबर छापले तेव्हा शेवटच्या तेरा पायऱ्या पुन्हा कोऱ्या झाल्या. ही छाया नुसत्या चित्रात ओळखू येत नाही. चित्रात ती फक्त कमी कॉन्ट्रास्ट म्हणून दिसते, आणि आपण नको त्या ठिकाणी उपाय करत बसतो.

मग आईचं चित्र. नऊ पायऱ्यांचं निगेटिव्ह, सहा पायऱ्यांचा थर. उपाय जुनाच आहे. १८९० च्या दशकात ही छपाई पुन्हा लोकप्रिय झाली तेव्हा पॅरिसमध्ये रोबेर दमाशी आणि व्हिएन्नात हाइनरिश क्यून, हुगो हेनेबेर्ग आणि हान्स वात्सेक यांनी गमला चित्रकलेच्या जवळ नेलं. व्हिएन्नाच्या या तिघांनी एकाच कागदावर एकामागून एक थर छापण्याचं तंत्र हाती घेतलं आणि एका थरात न मावणारा टोनांचा, म्हणजे छटांचा, पल्ला अनेक थरांत वाटून घेतला. प्लॅटिनमच्या प्रिंटवर गमचा थर चढवण्याचीही रीत पडली. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेननं न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इमारतीच्या १९०४ च्या छायाचित्रासाठी तीच वापरली. योगायोग असा की नेमक्या त्याच काळात, १८९० साली, फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी एक्सपोजर आणि घनता यांचं नातं आलेखावर मांडून दाखवलं. एक रसायनशास्त्रज्ञ, एक इंजिनिअर. माझ्या हातातली ही पट्टी त्यांच्याच घराण्यातली.

मी थरांची वाटणी पट्टीवरून केली. पहिला थर गालासाठी : रंग निम्मा, डायक्रोमेट २४ टक्के, वेळ लांब, म्हणजे माळ सरकून दहाव्या पायरीपर्यंत जाते आणि गडद टोक मात्र करडंच राहतं. दुसरा थर खुर्चीमागच्या काळोखासाठी : रंग भरपूर, डायक्रोमेट ६ टक्के, वेळ इतकीच की पाचव्या पायरीपलीकडे काही टिकू नये. दोन्ही थरांच्या पट्ट्या एकावर एक छापल्या तेव्हा पहिल्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक पायरी वेगळी दिसली. मधे, चौथ्या-पाचव्याच्या आसपास, उडी थोडी मोठी होती. म्हणून मधल्या टोनांसाठी एक तिसरा, साधा थर घातला. निगेटिव्ह तेच ठेवून, कागद आधी गरम पाण्यात भिजवून आकसवून घेतला होता, त्यामुळे थर एकमेकांवर नीट बसले. चौथ्या प्रयत्नात गालावर कातडी होती आणि कोपऱ्यात खुर्चीची पाठ होती. आई आता नाही. ती प्रिंट मी पहिल्यांदा पाण्यातून उचलली तेव्हा हात थरथरत होते हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आता या पट्टीत काय कमी आहे ते. अर्धा इंच रुंदी गमला अपुरी आहे. चांदीच्या क्षारांच्या तयार फोटो-कागदावर कारखान्यातून आलेला एकसंध थर असतो, तिथे एवढी रुंदी पुरते. इथे थर ब्रशनं लावलेला असतो आणि ब्रशची एक रेघ अख्ख्या पायरीचा आकडा चुकवू शकते. मी पट्टी नेहमी ब्रशच्या फटकाऱ्याला आडवी ठेवते आणि महत्त्वाच्या चाचणीसाठी एकाच कागदावर दोन जागी छापते. दोन्हींत एका पायरीपेक्षा जास्त फरक आला तर तो कागद मोजणीतून बाद.

दुसरं, ०.१५ ची पायरी गमसाठी जरा मोठी आहे. ज्या छपाईचा पल्ला पंधरा पायऱ्यांचा आहे तिथे एक पायरी इकडे-तिकडे झाली तर बिघडत नाही. पण जिथे मुळात चार ते सहाच पायऱ्या मिळतात तिथे एक पायरी म्हणजे पाचवा हिस्सा. ३१ पायऱ्यांची, ०.१० फरकाची पट्टीही मिळते, आणि गमवरच काम करायचं असेल तर तीच घ्यावी असं माझं आजचं मत आहे. हिशेब करायला मात्र २१ ची सोपी. दोन पायऱ्या म्हणजे प्रकाश निम्मा, हे डोक्यात पक्कं बसतं. ३१ च्या पट्टीत तेवढ्यासाठी तीन पायऱ्या मोजाव्या लागतात. शिकण्यासाठी २१ ची, मुरल्यावर ३१ ची.

तिसरं, ती चिकटते. थर वरून कोरडा वाटतो आणि आत ओल असते. एका दमट दिवशी मी घाई केली, काचेखाली पट्टी दाबली आणि काढताना पहिल्या पायरीवरचा फिल्मचा थर थोडा उचलला गेला, वर केशरी डागही पडला. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून पट्टी आणि कागद यांच्यामध्ये पातळ पारदर्शक पॉलिएस्टरचा तुकडा असतो. त्यानं कडा किंचित धूसर होतात आणि थोडा अतिनील प्रकाशही अडतो, म्हणून चित्राच्या निगेटिव्हखालीही मी तोच तुकडा ठेवते. म्हणजे दोन्हींचा हिशेब सारखा राहतो.

पट्टी विकत घेण्याऐवजी संगणकावर एकवीस चौकोन काढून पारदर्शक फिल्मवर इंकजेटनं छापले तर चालणार नाही का, असं मला दोघींनी विचारलं. मीही आधी तेच केलं होतं. चालतं, पण दुसऱ्या कामासाठी. शाईचा जो चौकोन डोळ्याला करडा दिसतो तो अतिनील प्रकाशाला किती अडवेल ते डोळ्यावरून कळत नाही, आणि शाईगणिक ते बदलतं. तुमचा प्रिंटर तुमच्या प्रक्रियेसाठी निगेटिव्ह कसा काढतो हे पाहायला ती छापील पट्टी उत्तम, निगेटिव्हचा कर्व्ह, म्हणजे कुठली छटा किती गडद छापायची त्याचा आलेख, तिच्यावरूनच बसवावा. पण थराचा स्वतःचा पल्ला किती हे विचारायचं असेल तर माहीत असलेल्या घनतेचीच पट्टी हवी. फूटपट्टी आपणच रबराची केली तर लांबी मोजणार कशानं?

मोजमाप करून दिलेली महाग आवृत्तीही असते, प्रत्येक पायरीची प्रत्यक्ष घनता कागदावर लिहून दिलेली. गमसाठी तिची गरज नाही. ब्रशनं होणारा फरक त्या बारीक दुरुस्तीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणखी एक फायदा, जो मी घेताना धरला नव्हता. डायक्रोमेट हे खेळायचं रसायन नव्हे. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, त्वचेला त्याची ॲलर्जी एकदा जडली की पुढे अगदी थोड्या स्पर्शानंही त्रास होतो, आणि त्याची भुकटी श्वासात जाता कामा नये. हातमोजे, मास्क, वेगळी भांडी, उरलेलं द्रावण मोरीत न ओतणं, हे सगळं हवंच. पण सर्वांत सुरक्षित डायक्रोमेट म्हणजे न वापरलेलं. पूर्वी एका चित्रासाठी मी पंधरा-वीस पूर्ण आकाराचे कागद लावायची. आता आधी बोटभर रुंदीच्या तीन चिठ्ठ्या छापते आणि मग चित्राला हात लावते. गेल्या वर्षभरात आधीच्या वर्षाच्या निम्म्याहून कमी द्रावण लागलं, आणि प्रिंट जास्त झाल्या.

घेणाऱ्यांनी पहिल्या दिवशी एवढंच करावं. चित्र बाजूला ठेवा. एकच रंग, एकच कागद, एकच द्रावण घ्या आणि वेळ दुप्पट-दुप्पट करत तीन पट्ट्या छापा. वाळू द्या, कारण ओल्या गमचा काळेपणा फसवतो. मग उजेडात बसून शेवटची छटा आणि पहिला काळा शोधा, आणि मागे पेन्सिलीनं लिहा. शाईनं लिहू नका, पुढच्या थराच्या पाण्यात ती पसरते.

माझ्या पट्टीची पहिली पायरी तो थर उचलला गेल्यापासून अर्धीच वाचता येते. दुसरीपासून सगळ्या शाबूत आहेत, त्यामुळे काम अडत नाही. नवी मागवली आहे, ३१ पायऱ्यांची. ती आली की गेरूपासून सुरुवात करायची आहे, कारण त्याच निगेटिव्हची एक उबदार रंगातली प्रिंट बहिणीला हवी आहे.